इथे वस्तू फक्त हरवतात

शिकागो, बुधवार, २ ऑगस्ट १८९३

प्रिय फेन्ना मावशी,

मी नक्की काय काम करतो, असं तू तीन पत्रांत विचारलंस. उत्तर नीट लिहायचं होतं, म्हणून उशीर झाला.

जागतिक प्रदर्शनाच्या आवारात, माणसांना बसवून फिरवणाऱ्या मोठ्या चाकापासून दीडशे पावलांवर एक खिडकी आहे. तिच्यावर पाटी आहे, ‘हरवले-सापडले. ऑर्कट आणि कंपनी.’ हे काम ऑर्कटसाहेबांनी कंत्राटाने घेतलं आहे आणि खिडकीमागे मी बसतो. लोक येतात, काय हरवलं ते सांगतात. मी चिठ्ठीवर लिहितो, ते सही करतात, आणि चिठ्ठी मी वहीत डकवतो. नऊ जणांतून मला अक्षरावरून निवडलं. साहेबांनी विचारलं, “शाळा किती?” मी म्हणालो, “सहावी.” “सहावीत इतकं शुद्ध?” “मावशीने वाढवलं, साहेब.”

देशभरातले खिसेकापू यंदा शिकागोत जमले आहेत असं सगळी वर्तमानपत्रं लिहितात. पण ऑर्कटसाहेब म्हणतात की कुंपणाच्या आत आजवर एकही चोरी झालेली नाही. आमचा नियमच तो आहे: इथे चोरी होत नाही, इथे वस्तू हरवतात. शून्य चोऱ्या दाखवल्या तर पुढच्या प्रदर्शनाचं कंत्राटही साहेबांनाच मिळेल. सोमवारी एका गृहस्थाने कापलेला खिसा दाखवला, पात्याने, अगदी सरळ रेघेत. मी साहेबांकडे पाहिलं. ते म्हणाले, “शिवण उसवली.” मी ‘शिवण उसवली’ असं लिहिलं.

तू येणार म्हणून मला झोप नाही. सोबत अकरा सूचना जोडल्या आहेत. सहावी विशेष महत्त्वाची आहे: घड्याळ स्कर्टच्या आतल्या खिशात ठेव, आणि प्रदर्शनाच्या घंटेचे टोले पडले की, म्हणजे दर पाव तासाला, वरून हात लावून खात्री करून घे.

तुझा काळजीत असलेला,
बेरेंड

वेस्टरवेल्ड, मिशिगन, ७ ऑगस्ट

बेरेंड,

तुझ्या अकरा सूचना मिळाल्या. मोशेला देवाच्या दहा आज्ञा पुरल्या होत्या.

मी पंधरा तारखेला, मंगळवारी येते. रविवारी तुमचं प्रदर्शन उघडं असतं हे ऐकून आमच्या चर्चचे पंच हिलब्रांड क्लोस्टरमन आठवडाभर जेवले नाहीत म्हणतात. निदान आपल्या घरी तरी.

घड्याळ घरी ठेवून यावं असं तुझ्या पत्रात कुठे नाही, हे बरं केलंस. ते माझं नाही, हे तुला ठाऊक आहे. चर्चच्या मंडळीने ते तुझ्या रूलोफ काकांना दिलं, मागे नाव कोरून. घंटेची दोरी ज्याच्या हाती, घड्याळ त्याच्याकडे, आणि चर्चशेजारची दोन खोल्यांची जागाही त्याचीच. काका गेले तेव्हा दोरी मी धरली. क्लोस्टरमनने इतिवृत्तात एक ओळ घालून घेतली: ‘हयगय आढळल्यास फेरविचार.’ चार वर्षं तो त्या ओळीवर कोंबडीसारखा बसून आहे. त्याच्या मेहुणीला जागा हवी आहे. मी घड्याळ इथे ठेवलं, तर ‘जरा बघतो’ म्हणून तो उचलून नेईल.

तुझ्यासाठी मनुकांचा पाव आणते. त्याला दर पाव तासाला हात लावायचा का, तेही कळव.

फेन्ना मावशी

वेस्टरवेल्ड, सोमवार, २८ ऑगस्ट

बेरेंड,

परत आल्यापासून तुझी एक ओळ नाही. का नाही, ते मला आज सकाळी सात वाजता कळलं.

घड्याळ गेल्याचं माझ्या लक्षात आलं तेव्हा मी तुझ्याच खिडकीसमोर उभी होते. मी ओरडले, “चोरी! मेल्याने आतल्या खिशातनं काढलं!” तू म्हणालास, “हळू, मावशी, हळू.” मागून तो तुझा ऑर्कट आला, गुलाबी आणि चकचकीत, नुकत्याच धुतलेल्या डुकरासारखा. म्हणाला, “बाईसाहेब हरवल्याची नोंद करतायत का?” मी म्हणाले, “आयुष्यात मी एक नवरा सोडून काही हरवलेलं नाही, आणि तोही कुठे पुरला आहे ते मला ठाऊक आहे.” चिठ्ठीवर सही न करता मी गाडी पकडली. बरोबर?

तुमची कंपनी हरवलेल्या वस्तूंची यादी शिकागोच्या वर्तमानपत्रात छापते. क्लोस्टरमन शनिवारी तालुक्याहून तो अंक घेऊन आला. रविवारी वर्तमानपत्र वाचणं पाप, म्हणून त्याने धीर धरला, आणि आज सूर्य वर येताच दुधाच्या डेअरीपुढे मोठ्याने वाचलं: ‘सोन्याचं घड्याळ, मागे आर. डायकहाउस असं कोरलेलं. हरवलं. मालकीण, श्रीमती एफ. डायकहाउस, वेस्टरवेल्ड.’

“चोरी झाली असती तर कोणाचाच दोष नव्हता,” तो म्हणाला. “हरवलं म्हणजे हयगय.” ऑक्टोबरात पंचांची बैठक आहे. दोरी, घड्याळ आणि घर, तिन्हींचा निकाल तिथे लागेल. मला एकच कागद हवा आहे, तुझ्या त्या वळणदार अक्षरात: घड्याळ चोरीला गेलं. तेवढं लिही.

मावशी

शिकागो, शुक्रवार, १ सप्टेंबर

प्रिय मावशी,

मला अत्यंत वाईट वाटलं. पण तू काही गोष्टी लक्षात घ्याव्यात. चिठ्ठीच्या नमुन्यात ‘काय हरवलं’, ‘कुठे हरवलं’, ‘कधी हरवलं’ एवढेच रकाने आहेत. चोरीसाठी रकानाच नाही. जिथे रकाना नाही तिथे लिहिणं नियमात बसत नाही. शिवाय मी चोर पाहिलेला नाही. न पाहिलेली गोष्ट लिहिणं खोटं ठरेल, आणि खोटं लिहू नये हे तूच शिकवलंस. ऑर्कटसाहेब म्हणतात की ‘चोरी’ हा शब्द ज्याच्या हातून कागदावर येईल, त्याने लेखणी ठेवून घरी जावं. सध्या कारखाने बंद पडत आहेत, शिकागोत रस्त्यावर माणसं झोपतात. ही नोकरी गेली तर मला दुसरी मिळणार नाही.

यादीत नाव कसं आलं याची मी चौकशी करतो.

तुझा,
बेरेंड

वेस्टरवेल्ड, ७ सप्टेंबर

बेरेंड,

चौकशी करू नकोस. क्लोस्टरमनने केली. त्याने तुमच्या कंपनीकडून चिठ्ठीची नक्कल मागवली आणि काल माझ्या टेबलावर ठेवली. “तुमचीच सही ना, फेन्नाबाई?”

माझी सही कोंबडीने चिखलात पाय ओढल्यासारखी असते, गावाला ठाऊक आहे. नकलेवरची सही इतकी देखणी होती की फ्रेम करून लावावी. अशी सही करणारा एकच मुलगा मी ओळखते. माझ्याच स्वयंपाकघरात, माझ्याच पाटीवर तो शिकला.

मी क्लोस्टरमनला म्हणाले, “हो, माझीच.” बहिणीच्या मुलाला खोटी सही करणारा म्हणून गावापुढे उभं करू? आता सांग, मी काय करू.

मावशी

शिकागो, १२ सप्टेंबर

मावशी,

सही मी केली. तू गेल्यावर ऑर्कटसाहेब खांद्याशी उभे होते. म्हणाले, “सही नसलेली चिठ्ठी म्हणजे उघडी राहिलेली तक्रार. मिटव.” मी मिटवली. त्या रात्रीपासून मला पाव गिळवत नाही. तुझा मनुकांचा पाव अजून तसाच कपाटात आहे.

पण ऐक! काल दुपारी एका रखवालदाराने सरकत्या पदपथापाशी एका माणसाला धरलं. नाव लायमन जेसप. कोटाच्या अस्तरात सात घड्याळं! मी वहीशी ताडून पाहिली. सातही माझ्या चिठ्ठ्यांत आहेत, आणि तिसरं काकांचं आहे. मागचं नाव मी स्वतः वाचलं.

शुक्रवारी खटला आहे. मला वही घेऊन साक्षीला बोलावलं आहे. चोर सापडला म्हणजे चोरी सिद्ध झाली, आणि न्यायालयाचा कागद कोणी पंच नाकारू शकत नाही. मला एक शब्दही लिहावा लागणार नाही. देव दयाळू आहे.

बेरेंड

शिकागो, रविवार, १७ सप्टेंबर

मावशी,

कसं लिहू कळत नाही, म्हणून क्रमाने लिहितो.

जेसपच्या वकिलाने माझी वही हातात घेतली आणि पानं हळूहळू उलटली. “हे अक्षर तुमचं?”

“होय.”

“सुरेख आहे.”

“आभारी आहे,” मी म्हणालो. मावशी, मला खरोखरच बरं वाटलं होतं.

“या सात चिठ्ठ्यांत ‘चोरी’ हा शब्द कुठे आहे?”

“कुठेच नाही.”

“म्हणजे तुम्ही घाईघाईत, निष्काळजीपणाने लिहिता?”

इथे ‘हो’ म्हणायला हवं होतं. एवढंच करायचं होतं. पण आजवर मला कोणी निष्काळजी म्हटलेलं नाही. मी ताठ उभा राहिलो आणि म्हणालो, “मुळीच नाही. प्रत्येक शब्द मी तीन वेळा तपासतो.”

“धन्यवाद,” वकील म्हणाला, आणि न्यायाधीशांकडे वळला. “सात मालकांनी सही करून सांगितलं आहे की घड्याळं हरवली. तीन वेळा तपासलेलं आहे. हरवलेली वस्तू माझ्या अशिलाला सापडली. तो ती खिडकीवर जमा करायलाच निघाला होता.”

“मग अस्तरात का ठेवली?” न्यायाधीशांनी विचारलं.

“गर्दी फार, महाराज. चोरांची भीती.”

सगळे हसले. न्यायाधीश हसले नाहीत. त्यांनी जेसपला सोडून दिलं. एका आरोपासाठी माणसाला दुसऱ्यांदा उभं करता येत नाही, हेही बजावलं. बाहेर ऑर्कटसाहेब आनंदाने तांबडे झाले होते. आमच्याकडे ‘प्रामाणिक शोधक’ नावाचं एक छापील प्रमाणपत्र आहे, सोनेरी शिक्क्याचं. मे महिन्यापासून ते कोणाला द्यावं लागलं नव्हतं. पहिलं जेसपला मिळालं, फोटोग्राफरसमोर. साहेबांचा हात त्याच्या खांद्यावर, त्याचा हात छातीवर. फोटोनंतर साहेबांची मोत्याची टाय-पिन दिसेना. मी चिठ्ठी केली. साहेबांनी ‘हरवली’ म्हणून सही केली.

घड्याळ उद्या टपालाने निघेल. मिळाल्याचं कळव.

बेरेंड

वेस्टरवेल्ड, २२ सप्टेंबर

बेरेंड,

घड्याळ पोचलं. चार मिनिटं मागे आहे. प्रामाणिक लोकांच्या संगतीत बिघडलं असेल.

मला वाटलं, आता तरी सुटले. पण क्लोस्टरमनने घड्याळ कानाशी धरलं, देवाचे आभार मानले आणि म्हणाला, “एका परक्या सज्जनाने ते उचलून दिलं नसतं, तर मंडळीची वस्तू शिकागोच्या धुळीत पडली असती. घड्याळ परत आलं, पण हयगय परत घेता येत नाही.” बरोबर जेसपच्या फोटोचं कात्रणही होतं. डेअरीवाल्या बाया म्हणाल्या, “किती भल्या चेहऱ्याचा माणूस!”

क्लोस्टरमनच्या मेहुणीने येऊन माझ्या खिडक्यांची मापं घेतली. पडद्यांसाठी.

मी अठ्ठावन्न वर्षांची आहे, बेरेंड. हे घर गेलं तर मी कोणाच्या तरी माडीवर, कोणाची तरी चूल फुंकत राहीन. घंटेचा आवाज दुरून ऐकेन, आणि मेहुणी ती दोन मिनिटं उशिरा देईल. मला रागावताही येत नाही इतकी मी दमले आहे. बैठक ऑक्टोबरच्या दुसऱ्या तारखेला आहे. जे करायचं ते कर, किंवा निदान ‘करत नाही’ असं साध्या अक्षरात लिही.

फेन्ना

शिकागो, शुक्रवार, २९ सप्टेंबर

मावशी,

तुझी सही नुसती ‘फेन्ना’ अशी होती. त्यात ‘मावशी’ नव्हतं. ते मी तीन वेळा वाचलं.

मी जेसपला गाठलं. तो रोज अकरा वाजता जर्मन खानावळीत सॉसेज खातो. मी समोर बसलो आणि खिशाची बटणं लावून घेतली. तो म्हणाला, “लावू नका हो, बटणं लावली की उलट काम सोपं होतं.” माणूस वैतागलेला होता. “एकोणीस वर्षं धंद्यात आहे. पाच शहरांत नाव आहे. आणि आता काय? ‘शोधक’! सिनसिनाटीहून मित्राचं पत्र आलं: लायमन, ऐकतो की तू हल्ली पडलेल्या वस्तू वेचतोस. लहान पोरांसारखा!”

मी तुझी गोष्ट सांगितली. त्याने खाणं थांबवलं. “करड्या टोपीच्या बाई? घड्याळ आतल्या खिशात, फीत दोनदा गुंडाळलेली, वर सेफ्टी पिन? आणि लोक म्हणतात ते त्यांनी हरवलं? अहो, उन्हाळ्यातलं सर्वांत कठीण काम होतं ते!”

मी विचारलं, “तसं लिहून द्याल?” तो म्हणाला, “देतो. खटला होऊन गेला, आता मला कोण काय करणार? पण माझं अक्षर म्हणजे कुत्र्याने ओरखडल्यासारखं. तुम्ही लिहा, मी सही करतो. आणि एक अट. माझ्या खाली तुम्हीही तुमचं लिहायचं. एकट्या चोराने खरं बोलावं, हे बरं दिसत नाही.”

सोबत तो कागद आहे.

बेरेंड

(सोबतचा कागद)

वेस्टरवेल्ड येथील पंचमंडळींस,

मी, लायमन जेसप, शपथेवर सांगतो की श्रीमती डायकहाउस यांचं घड्याळ १५ ऑगस्टच्या दुपारी मी चोरलं. त्यांनी ते हरवलं नाही. इतकं सांभाळलेलं घड्याळ मी वॉशिंग्टनमध्ये सेनेटरकडेही पाहिलेलं नाही. त्यांच्या मागे मी दीड तास फिरलो, तीन इमारती आणि एक बँड सोसला. घड्याळ नेमकं कुठे आहे हे मला कधीच कळलं नसतं. पण घंटेचे टोले पडले की बाई दर पाव तासाला, न चुकता, एकाच जागी हात लावून खात्री करत. इतक्या नियमाने पत्ता सांगणारं मला दुसरं कोणी भेटलेलं नाही. त्यांना ती सवय ज्याने लावली, दोष त्याचा.
लायमन जेसप

वरील मजकूर मी ऐकून लिहिला. सवय मी लावली; सूचना क्रमांक सहा. चिठ्ठीवर ‘हरवलं’ असं मी लिहिलं आणि मावशीच्या नावाची सहीही मीच केली. ते तिला माहीत नव्हतं. नोकरी जाईल या भीतीने केलं.
बेरेंड स्लॉटमन

वेस्टरवेल्ड, ४ ऑक्टोबर

बेरेंडबाळा,

कागद चर्चचे पाळक वेसेलिंक यांनी बैठकीत वाचला. सेनेटरचा उल्लेख आला तेव्हा चर्चचा म्हातारा डीकन हसला आणि त्याला ठसका लागला. तुझ्या ओळी आल्या तेव्हा कोणी हसलं नाही. मी खिडकीबाहेर पाहत होते. सूचना क्रमांक सहासाठी मी तुला माफ केलं. सहीसाठी, भेटशील तेव्हा.

क्लोस्टरमन उठला. “बंधूंनो, एका चोराच्या शब्दावर विसंबायचं का?”

पाळक म्हणाले, “चोर? गेल्या महिन्यात तुम्हीच कात्रण दाखवलंत. सोनेरी शिक्का आहे त्याच्यावर, हिलब्रांड. तो प्रामाणिक असेल, तर चोरी केली म्हणतो ते खरं मानायला हवं. आणि प्रामाणिक नसेल, तर तो चोर आहे, म्हणजे चोरी झालीच.”

म्हाताऱ्या डीकनला पुन्हा ठसका लागला.

पण क्लोस्टरमन असा बुडणारा नाही. म्हणाला, त्या प्रदर्शनात सावध माणसाची वस्तू चोरीला जाऊच शकते का, हे कोणीतरी जाऊन पाहायला हवं. कोण जाणार? तो मोठ्या दुःखाने तयार झाला. वीस तारखेला निघेल, रविवारी शिकागोतल्या आपल्या डच चर्चमध्ये तिन्ही उपासनांना बसेल, सोमवारी परत. निकाल तीस तारखेला. त्याच्या मेहुणीने कापड विकत घेतलं आहे. पिवळं.

तो तुझ्या खिडकीवर येईल. नीट बोल.

मावशी

शिकागो, मंगळवार, २४ ऑक्टोबर

प्रिय मावशी,

तो आला. शनिवारी नाही. रविवारी, बावीस तारखेला, दुपारी तीन वाजता.

मी पाटीखाली मान घालून लिहीत होतो. खिडकीवर धाडकन हात आपटला. “चोरी! पोलीस बोलवा! चांदीची डबी गेली!”

“इथे चोरी होत नाही,” मी सवयीने म्हणालो. “काय हरवलं?” आणि वर पाहिलं. क्लोस्टरमनची दाढी पंख्यासारखी पसरली होती.

“स्लॉटमनचा पोरगा,” तो म्हणाला.

“नमस्कार, पंच. कोणती डबी?”

कोणती ते मला ठाऊक होतं. आजोबांची पेपरमिंटची डबी. प्रवचनाचा दुसरा मुद्दा सुरू झाला की तो ती उघडतो आणि रांगेतून फिरवतो; त्या ‘टक्’ आवाजाला मी लहानपणी जागा होत असे.

“कुठे?” मी विचारलं. रकाना आहे, मावशी, विचारावंच लागतं.

त्याने दाढी चाचपली. मागच्या रांगेतला एक शेतकरी म्हणाला, “अहो, कैरोच्या नाचणारणींच्या तंबूत! माझ्या शेजारीच बसले होते हे, पहिल्या बाकावर. दोन्ही हातांनी टाळ्या वाजवत होते, खिशाकडे लक्षच नव्हतं.”

“कधी?”

“वार लिहू नकोस,” क्लोस्टरमन हलक्या आवाजात म्हणाला.

मी म्हणालो, “पंच, तुम्हाला हवं असेल तर आज मी ‘चोरी’ लिहितो. माझी नोकरी जाईल, चालेल. पण मग पोलीस येतील, तुमचा जबाब होईल, जागा, वार, वेळ, सगळं. किंवा ‘हरवली’ लिहितो.”

त्याने लेखणी ओढून घेतली आणि ‘हरवली’वर सही केली. त्याने स्वतःच केली. मी त्याला पोच दिली. “चौकशी पूर्ण झाली,” तो म्हणाला, आणि गेला.

मग मी वहीतलं पंधरा ऑगस्टचं पान उघडलं. तुझ्या चिठ्ठीवरची खोटी सही खोडली, ‘हरवलं’ खोडलं, आणि वर लिहिलं: चोरीला गेलं. सहा महिन्यांत त्या वहीतली ती पहिली खाडाखोड. शाईचा एक डागही पडला. ऑर्कटसाहेब मागे होतेच. म्हणाले, “लेखणी ठेव.” मी पुसून ठेवली.

एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर परत लपवल्यासारखं होईल. क्लोस्टरमन येणार हे मी जेसपला आधी सांगितलं होतं. उंची, दाढी, डावा पाय ओढतो, पेपरमिंटची डबी उजव्या खिशात, सगळं नीट वर्णन करून. हेतू असा की त्याने या माणसाला ओळखावं आणि त्याच्या खिशाला चुकूनही हात लावू नये. माझी सूचना फार स्पष्ट होती.

तुझा, सध्या रिकामा,
बेरेंड

वेस्टरवेल्ड, मंगळवार, ३१ ऑक्टोबर

बेरेंड,

परवाच्या उपासनेला अख्खं गाव होतं. दुसरा मुद्दा सुरू झाला. आम्ही सगळे ‘टक्’ची वाट पाहत होतो. क्लोस्टरमनने खिशातून वर्तमानपत्राची पुडी काढली आणि ती रांगेतून फिरवली. पेपरमिंटांवर शाई उतरली होती. म्हाताऱ्या डीकनने एक तोंडात टाकलं आणि पाळकांकडे असं पाहिलं, की पाळक तिसरा मुद्दा विसरले.

काल बैठक. क्लोस्टरमनने अहवाल वाचला: प्रदर्शनाची व्यवस्था चोख, चोरी होणं अशक्य, सावध माणसाची वस्तू जात नाही, आपण स्वतः पाहिलं. मी शेवटच्या बाकावर होते. तुझं पत्र खिशात होतं. ते मी बाहेर काढलं नाही.

मी म्हणाले, “हिलब्रांड, घसा बसलाय हो माझा. डबीतलं एक पेपरमिंट द्या ना.”

त्याने पुडी काढली.

“डबीतलं,” मी म्हणाले.

“डबी… हरवली.”

डीकन पुढे सरकला. “तुमच्या आजोबांची? तुम्ही हरवलीत?”

“कुठे हो?” मी विचारलं. “शोधायला बरं पडेल म्हणून विचारते. कोणत्या वारी?”

बेरेंड, त्याने माझ्याकडे पाहिलं आणि त्याला कळलं की मला ठाऊक आहे. पाळकांनी लेखणी शाईत बुडवून ठेवली होती. तिच्यातून एक थेंब पडला. खरं सांगू? घटकाभर मला त्याची दया आली. मग पिवळे पडदे आठवले.

“चोरीला गेली,” तो शेवटी म्हणाला. “सावध होतो. तरीही गेली.”

“मग घड्याळ?” पाळकांनी विचारलं.

“तेही,” क्लोस्टरमन म्हणाला. “चोरीलाच गेलं असणार.”

कुठे आणि कोणत्या वारी, हे इतिवृत्तात नाही. दोरी, घड्याळ आणि घर माझ्याकडेच राहिलं, आणि ‘हयगय’वाली ओळ पाळकांनी स्वतः खोडली. पडद्यांच्या कापडाचे मेहुणी परकर शिवते आहे.

तुमच्या महापौरांना शनिवारी त्यांच्याच घरात गोळी घातल्याचं वाचलं, आणि प्रदर्शनाचा समारोप रद्द झाल्याचंही. दुःख झालं. घर कुंपणाबाहेर होतं, त्यामुळे तुझ्या ऑर्कटचं शून्य अजून शाबूतच असेल.

तू घरी ये. सहीबद्दल एक थप्पड बाकी आहे, ती खाऊन जेव. दोरी माझ्या खांद्याला आता झेपत नाही. बारा म्हणजे बारालाच टोला देणारा माणूस मला हवा आहे, आणि तीन वेळा तपासणारा दुसरा कोणी मला माहीत नाही. गुरुवारच्या गाडीने ये. पैसे कोटाच्या आत शिवून घे.

आणि गाडीत त्यांना हात लावू नकोस.

फेन्ना मावशी